अपडेट केलं की बदल उडतात, गिट लावलं तरी तोच कॉन्फ्लिक्ट पुन्हा येतो: कारणं आणि बंदोबस्त

बडोद्यात दांडिया बाजारजवळच्या एका खोलीत बसून आम्ही दोघं चाळीसेक साइट्स सांभाळतो. जवळजवळ सगळ्या वर्डप्रेस या साइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच्या. एक मराठी ग्रंथालय, दोन गणेश मंडळं, एक वधूवर सूचक मंडळ, रावपुऱ्यातले दोन क्लासेस, एक सेव-उसळवाले, बाकी गुजराती दुकानदार. यातल्या बहुतेक साइट्स दुसऱ्याच कुणीतरी बनवून सोडून दिलेल्या आहेत. आमच्याकडे दुरुस्तीला आल्या आणि इथेच राहिल्या. त्यामुळे प्रत्येकीच्या पोटात कुणाचा ना कुणाचा हात फिरलेला आहे, आणि कुठे फिरलाय याची नोंद कुठेच नाही.

तक्रार मात्र सगळ्यांची एकच. मराठी गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, परवा नीट केलं होतं ना, पुन्हा तसंच झालंय." गुजराती म्हणतं, "बेन, साइट पाछी बगडी." अपडेट झालं की कुणाचा लोगो जातो, कुणाच्या तारखा बदलतात, कुणाचं पान पांढरं पडतं. बरेच दिवस मी हे हाताने दुरुस्त करत राहिले. मग सगळ्या साइट्स गिटमध्ये, म्हणजे फाइल्सच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घातल्या आणि वाटलं, सुटले. तर दर अपडेटला कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी दोन वेगळे बदल, कुठला ठेवायचा ते गिटला ठरवता येत नाही), आणि तोही त्याच फाइलमध्ये. याची कारणं एकेक करून सापडायला २०२४ साल जवळजवळ पूर्ण गेलं. तुमच्याकडेही अशा पाच-दहा साइट्स असतील तर तो वेळ वाचावा म्हणून लिहितेय.

अपडेट म्हणजे तीन प्रतींचा हिशेब

वर्डप्रेसचा स्वतःचा अपडेटर काय करतो ते आधी पाहा. नवी आवृत्ती उतरवतो आणि जुन्या फाइल्सवर नव्या टाकतो. मधल्या काळात त्या फाइलमध्ये तुम्ही काही बदललं होतं का, हे तो विचारत नाही. थीम (साइटचं रूप) आणि प्लगइन (जादा सोयी) यांच्या बाबतीत तर जुनं फोल्डर अख्खं काढून नवं ठेवतो, म्हणजे तुम्ही त्यात वेगळी ठेवलेली फाइलही जाते. डब्ल्यूपी-कॉन्फिग या सेटिंग्जच्या फाइलला आणि अपलोड्सला तो हात लावत नाही, एवढाच दिलासा.

ग्रंथालयाच्या चिटणीसकाकांना हे समजावताना मी त्यांच्याच नियमावलीचं उदाहरण दिलं. छापील नियमावली आहे. तिच्यात काकांनी चौथ्या नियमातला दंड पेनाने बदलला. पुढच्या वर्षी नवी छापील नियमावली आली, तिच्यात सातवा नियम बदललेला. आता काकांचा दंड नव्या प्रतीवर उतरवायचा तर जुनी कोरी छापील प्रत हवी. ती शेजारी ठेवली की कळतं, पेनाचा बदल कुठला आणि छापखान्याचा कुठला. ती हरवली असेल तर हातात फक्त दोन वेगळ्या प्रती राहतात, आणि प्रत्येक फरकाशी भांडत बसावं लागतं.

गिटचा मर्ज (दोन प्रतींतले बदल एकत्र करणं) हेच करतो. तुमची साइट, नवी आवृत्ती आणि दोघांचं सामाईक मूळ, अशा तीन प्रती घेऊन तो बसतो. मूळ बरोबर असेल तर शंभरातले बहुतेक बदल तो न विचारता नीट बसवतो. मूळ चुकलं की खोटे कॉन्फ्लिक्ट येतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कॉन्फ्लिक्ट न येताच बदल जातात. खाली जे जे लिहिलंय त्याच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे. कॉन्फ्लिक्ट दिसला की तो सोडवायला बसू नका. आधी विचारा, गिट मूळ म्हणून काय धरतंय?

पहिला अडथळा: सगळ्याच फाइल्स बदललेल्या दिसतात

चालू साइट गिटखाली आणायची ती अशी. साइटच्या फोल्डरमध्ये गिट इनिट द्यायचं, म्हणजे तिथे रेपो (गिटची नोंदवही) तयार होतो. साइटची आवृत्ती डब्ल्यूपी-इन्क्लूड्समधल्या व्हर्जन डॉट पीएचपी या फाइलमध्ये मिळते. तीच कोरी आवृत्ती रेपोमध्ये आणायची आणि मग गिट रिसेट करून त्या आवृत्तीवर बोट ठेवायचं. रिसेट साधा करायचा, हार्ड कदापि नाही. साध्या रिसेटने फाइल्स आहेत तशाच राहतात, हार्डने साइटवरचे सगळे बदल तिथल्या तिथे पुसले जातात. मग गिट स्टेटस दिलं की मूळ आणि साइट यांतला फरक समोर येतो.

ग्रंथालयाच्या साइटवर हे केलं तेव्हा स्टेटसची यादी थांबेचना. हजारावर फाइल्स "मॉडिफाइड". आमच्याकडचा मुलगा म्हणाला, "ताई, ही साइट हॅक झालीय." मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण एक फाइल उघडून डिफ (मूळ आणि साइट यांतला ओळीवार फरक) बघितला तर प्रत्येक ओळ लाल, प्रत्येक ओळ हिरवी, आणि मजकूर अक्षरन् अक्षर तोच. ओळीच्या शेवटी फक्त एक न दिसणारं चिन्ह जास्त.

विंडोजवर ओळ दोन चिन्हांनी संपते, लिनक्सवर एकाने. कधीकाळी कुणीतरी अख्खी साइट एफटीपीने (सर्व्हरवर फाइल्स चढवण्या-उतरवण्याच्या पद्धतीने) टेक्स्ट मोडमध्ये विंडोजवर उतरवली, तेव्हा प्रत्येक ओळीला ते जादा चिन्ह लागलं. नंतर बायनरी मोडमध्ये वर चढवली, तेव्हा ते तसंच सर्व्हरवर गेलं. साइट व्यवस्थित चालते, कारण पीएचपीला (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) त्याने फरक पडत नाही. पण मर्जच्या नजरेत तुम्ही प्रत्येक ओळ बदललेली असते, म्हणून नव्या आवृत्तीचा प्रत्येक बदल तुमच्या "बदला"वर येऊन आदळतो.

उपाय सोपा आहे, पण क्रम महत्त्वाचा. रेपोच्या मुळात गिटअट्रिब्यूट्सची फाइल ठेवून त्यात सांगायचं की मजकुराच्या सगळ्या फाइल्स लिनक्सच्या पद्धतीने साठव. ही फाइल कोऱ्या आवृत्तीच्या पहिल्या कमिटमध्येच (गिटमधल्या नोंदीतच) हवी. नंतर घातली तर मूळ एका पद्धतीचं आणि साइट दुसऱ्या, असं होतं. आधीच गोंधळ झालेला असेल तर मर्जला रीनॉर्मलाइझ हा पर्याय द्या, म्हणजे तो तिन्ही प्रती एकसारख्या करून मगच तुलना करतो. ग्रंथालयाच्या साइटवर हे केलं आणि हजारातल्या उरल्या चार फाइल्स.

फाइल्स बदललेल्या दिसण्याचं दुसरं कारण म्हणजे परवानग्या. कुणीतरी वैतागून अख्ख्या फोल्डरला ७७७ (कुणालाही काहीही करायची मुभा) दिलेलं असतं. गिट परवानगीतलं फक्त चालवण्याचं बिट लक्षात ठेवतं, पण तेवढ्यानेही प्रत्येक फाइल बदललेली दिसते. कोअर डॉट फाइलमोड हे सेटिंग बंद केलं की यादी रिकामी होते. ७७७ मात्र तसंच सोडू नका, फाइल्सना ६४४ आणि फोल्डर्सना ७५५ पुरतं.

उरलेल्या चारांतल्या एका फाइलबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण हा त्रास खास आपल्यासारख्यांना होतो. काकांनी थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये ग्रंथालयाचं नाव देवनागरीत लिहिलं होतं, नोटपॅडमध्ये. देवनागरी टिकावी म्हणून सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडलं, जे बरोबरच होतं. पण विंडोज १० ची १९०३ ही आवृत्ती येईपर्यंत नोटपॅड यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला न विचारता तीन बाइट जोडायचं: ईएफ, बीबी, बीएफ. डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण पीएचपीच्या दृष्टीने पहिल्या कोनी कंसाच्या आधीच काहीतरी छापलं गेलेलं असतं. असं थीमच्या फंक्शन्स फाइलमध्ये किंवा डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये झालं की "हेडर्स ऑलरेडी सेंट" येतं, लॉगिन होत नाही, आरएसएस फीड मोडतं. काका वर्षभर सांगत होते की अधूनमधून आत शिरता येत नाही, आणि मी त्यांना पासवर्ड बदलून देत होते. गिट डिफमध्ये पहिल्या ओळीच्या आधी ते चिन्ह स्पष्ट दिसलं, तेव्हा उलगडा झाला. मराठी किंवा गुजराती मजकूर हाताने घातलेल्या प्रत्येक फाइलची पहिली ओळ अशी एकदा तपासाच.

दुसरा अडथळा: व्हर्जनच्या फाइलमध्ये दर वेळी कॉन्फ्लिक्ट

हा मला सगळ्यात जास्त छळून गेला.

वर्डप्रेसची रचना सबव्हर्जन या गिटसारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होते, पण गिटहब या संकेतस्थळावर तिची तयार गिट-प्रत आरशासारखी ठेवलेली असते आणि प्रत्येक आवृत्तीला टॅग, म्हणजे नावाची खूण, असतो. मला वाटलं, कोरी प्रत तिथूनच घ्यावी. २०२४ च्या सुरुवातीला जवळजवळ सगळ्या साइट्स ६.४.३ वर होत्या. तो टॅग मूळ म्हणून घेतला, साइटचे बदल त्यावर कमिट केले. एप्रिलमध्ये ६.५ आली, तिचा टॅग मर्ज केला. कॉन्फ्लिक्ट. व्हर्जनच्या फाइलमध्ये तर हमखास, शिवाय ज्या फाइल्सना आम्ही कधी हातही लावला नव्हता अशा कितीतरी फाइल्समध्ये. चाळीस साइट्स, प्रत्येकीत तेच. नंतरच्या प्रत्येक उडीला पुन्हा तेच.

गिट मर्ज-बेस ही कमांड दिली तेव्हा समजलं. दोन टॅग्जचं सामाईक मूळ म्हणून गिट ६.४.३ धरतच नव्हतं. ६.४ ची फांदी मुख्य खोडापासून जिथे फुटली, ती जागा धरत होतं. ६.४.१, ६.४.२, ६.४.३ या छोट्या आवृत्त्या त्या फांदीवर वाढतात, आणि ६.५ मुख्य खोडावरून येते. म्हणजे ६.४.३ ही ६.५ ची आई नाही, मावशी आहे. फांदी फुटल्यानंतर त्या छोट्या आवृत्त्यांमध्ये जे बदल झाले, ते सगळे गिटला "साइटच्या मालकाने केलेले" वाटतात. व्हर्जनच्या फाइलमध्ये तर दोन्हीकडे आकडा बदललेलाच असतो, त्यामुळे तिथे भांडण ठरलेलंच.

उपाय म्हणजे आरसा सोडून द्यायचा आणि स्वतःची सरळ रेघ ओढायची. आम्ही एक आईरेपो केला. त्यात "मूळ" नावाची ब्रँच (फांदी). वर्डप्रेसची झिप उतरवायची, ब्रँचमधल्या सगळ्या फाइल्स काढायच्या, झिपमधल्या ठेवायच्या, कमिट करायचं, आवृत्तीचा टॅग द्यायचा. पुढची आवृत्ती आली की त्याच कमिटवर पुढचं कमिट. ६.५ च्या पाठीवर ६.५.२, तिच्या पाठीवर ६.५.३. या ब्रँचमध्ये कुणीही हाताने एक अक्षर लिहायचं नाही. प्रत्येक साइटची ब्रँच या रेघेवरून फुटते. मग साइट ज्या आवृत्तीवर आहे तीच सामाईक मूळ ठरते, आणि नव्या-जुन्यातला फरक फक्त छापखान्याचा राहतो.

जुन्या साइट्स या रेघेवर आणताना आवृत्तीच्या आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. आमच्याकडे एक साइट होती जिचं अपडेट एफटीपीने करताना मध्येच वीज गेली होती. अर्ध्या फाइल्स एका आवृत्तीच्या, अर्ध्या दुसऱ्या. अशा वेळी आकडा बाजूला ठेवून साइटचा डिफ जवळच्या प्रत्येक टॅगशी काढायचा आणि सर्वात कमी फरक ज्याच्याशी येतो ते मूळ मानायचं. स्क्रिप्टमध्ये हे चार ओळींत होतं.

मराठी किंवा गुजराती भाषेची झिप वापरून बसवलेल्या साइट्समध्ये व्हर्जनच्या फाइलच्या शेवटी स्थानिक भाषेची एक जादा ओळ असते. इंग्रजी झिपशी तुलना केली की तीही मालकाचा बदल म्हणून दिसते. आम्ही सगळीकडे इंग्रजी झिप मूळ मानतो आणि ती ओळ काढून टाकतो. भाषांतराच्या फाइल्स वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, त्यांना काही होत नाही.

आणखी एक कॉन्फ्लिक्ट सतत येतो: वर्डप्रेससोबत येणाऱ्या थीम्स तुम्ही काढून टाकलेल्या असतात, नव्या आवृत्तीत त्या बदललेल्या असतात, आणि गिट विचारतं, ठेवू की काढू? त्यावर सोपा मार्ग म्हणजे त्या थीम्स "मूळ" ब्रँचमध्ये घालायच्याच नाहीत. झिप उघडल्यावर स्क्रिप्ट त्या वगळते.

तिसरा अडथळा: कॉन्फ्लिक्ट आलाच नाही आणि बदल गेला

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला आणि अर्धं बडोदा पाण्यात होतं. त्यानंतर लगेच ७ सप्टेंबरला गणपती. एका मंडळाला कार्यक्रमपत्रिका छापायला वेळच मिळाला नाही, म्हणून आरतीच्या वेळा, व्याख्यानं, महाप्रसाद, सगळं साइटवर. तारखा देवनागरी आकड्यांत, कारण आमच्याआधी साइट सांभाळणाऱ्या मुलाने वर्डप्रेसच्या गाभ्यातल्या फंक्शन्सच्या फाइलमध्ये दोन ओळी घालून तसं केलं होतं. गाभ्यात हात घालणं चूकच, पण ते गिटमध्ये नोंदलेलं होतं, मूळ बरोबर होतं, आणि जुलैत ६.६ वर जाताना त्या दोन ओळी सुखरूप आल्या होत्या.

११ तारखेला, गौरीपूजनाच्या दिवशी, मंडळाच्या काकूंचा सकाळी फोन आला. "अगं, तारखा इंग्रजीत आल्या आणि वेळा पण वेगळ्याच दिसतायत." त्या दोन ओळी गेल्या होत्या. आम्ही कुठलंही अपडेट केलं नव्हतं. गिटचा लॉग बघितला तर आमच्याच रात्रीच्या स्क्रिप्टचं (साइटवरचे बदल आपोआप नोंदवणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) कमिट, "साइटवरचे बदल", आणि त्यात कितीतरी फाइल्स. १० सप्टेंबरला ६.६.२ आली होती. वर्डप्रेसने ती रात्रीतून स्वतःच बसवली, आमच्या स्क्रिप्टने तो सगळा फरक मालकाचे बदल म्हणून नोंदवला, आणि त्यातच त्या दोन ओळी "मालकाने काढल्या" अशी नोंद झाली. वर "मूळ" ब्रँचमधली ६.६.२ मर्ज झाली, आणि दोन्हीकडे सारखेच बदल असल्यामुळे गिटने काही हरकतच घेतली नाही.

प्रश्न हा, की वर्डप्रेसने स्वतःहून अपडेट केलंच कसं? ३.७ या आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०१३ पासून, छोट्या आवृत्त्या आपोआप बसतात. पण साइटच्या फोल्डरमध्ये किंवा त्याच्या वरच्या कुठल्याही फोल्डरमध्ये डॉट गिट दिसलं, तर वर्डप्रेस मागे सरतं. फाइल्सची काळजी दुसरं कुणीतरी घेतंय असं समजून आपोआप अपडेट बंद ठेवतं आणि फक्त ईमेल पाठवतं. याच भरवशावर मी होते. मात्र सुरक्षेसाठी मी डॉट गिट फोल्डर साइटच्या बाहेर हलवलं होतं, कारण ते वेबवरून उघडं राहिलं तर साइटचा सगळा इतिहास कुणालाही उतरवता येतो. बाहेर हलवलं की आत त्याच नावाची एक छोटी फाइल उरते, तिच्यात फक्त पत्ता असतो. आणि वर्डप्रेस फोल्डर शोधतं, फाइल नव्हे. म्हणजे माझ्या सुरक्षेच्या उपायाने वर्डप्रेसला वाटलं, इथे गिट नाही.

तेव्हा एकाच घराला दोन कारभारी ठेवू नका. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये ऑटोमॅटिक अपडेटर डिसेबल्ड हा स्थिरांक ट्रू करून ठेवा, मग डॉट गिट कुठेही असो. आणि हे केल्याच्या क्षणापासून सुरक्षेचं अपडेट वेळेवर बसवणं ही तुमची जबाबदारी आहे, हे कागदावर लिहून ठेवा. स्क्रिप्ट चालत नसेल तर ते बंद ठेवणं उघड्या दारासारखं आहे. आमची स्क्रिप्ट दर सहा तासांनी नवी आवृत्ती आहे का ते बघते आणि छोटी आवृत्ती असेल तर त्याच दिवशी बसवते.

शिवाय रात्रीच्या नोंदीत एक पहारा घातला. कमिट करण्याआधी स्क्रिप्ट बघते की व्हर्जनची फाइल बदललीय का. बदलली असेल तर दुसऱ्या कुणाचा तरी हात फिरलाय. तेव्हा कमिट न करता थांबते आणि मला मेसेज टाकते. हा पहारा नंतर दोनदा उपयोगी पडला, दोन्ही वेळा गिऱ्हाइकाने होस्टिंगच्या पॅनेलमधलं एका क्लिकचं अपडेट दाबलेलं होतं.

मंडळाची साइट अशी परत आणली: चुकीच्या कमिटच्या आधीच्या जागी गेले, तिथून ६.६.२ नीट मर्ज केली, दोन ओळी परत मिळाल्या. अर्धा तास लागला. काकूंना म्हटलं, "काकू, आता बघा." त्या म्हणाल्या, "आता ठीक आहे, पण तू जेवायला ये, पुरणपोळी ठेवलीय."

नंतर त्या दोन ओळी गाभ्यातून काढून एमयू-प्लगइन्सच्या फोल्डरमध्ये छोट्या प्लगइनसारख्या ठेवल्या. त्या फोल्डरला कुठलाच अपडेटर हात लावत नाही, आणि तारखेसाठी वर्डप्रेसने स्वतःचा फिल्टर (बाहेरून बदल करण्याची सोय) दिलेला आहे, गाभा फोडायची गरजच नव्हती. कॉन्फ्लिक्ट सोडवण्याचा हाच सगळ्यात चांगला मार्ग. पण आधी बदल कुठे आहे ते दिसायला हवं, आणि ते गिटशिवाय दिसलं नसतं.

एकच कॉन्फ्लिक्ट बारा वेळा सोडवू नका

त्याच आधीच्या मुलाने आणखी अकरा साइट्समध्ये त्याच दोन ओळी घातल्या होत्या. त्या सगळ्या एका दिवसात हलवणं शक्य नव्हतं. इथे गिटची रिरिरी ही सोय फार कामाची आहे. एकदा चालू केली की तुम्ही कॉन्फ्लिक्ट कसा सोडवला ते गिट लक्षात ठेवतं, आणि तसाच कॉन्फ्लिक्ट पुन्हा आला की तोच उपाय स्वतः लावतं. सगळे मर्ज एकाच आईरेपोत केले तर पहिल्या साइटवर सोडवलेला बाकीच्या अकरांना लागू होतो.

एक खाच आहे. सोडवलेल्या नोंदी गिट साठ दिवसच ठेवतं. वर्डप्रेसच्या मोठ्या आवृत्त्यांमध्ये बहुधा त्याहून जास्त अंतर असतं. म्हणजे एप्रिलमध्ये शिकवलेलं जुलैत विसरलेलं. गिटच्या सफाईच्या सेटिंगमध्ये रिरिरी रिझॉल्व्ह्डची मुदत वर्षभर करा. लावलेला उपाय आपोआप स्टेज करण्याचा (कमिटसाठी तयार ठेवण्याचा) पर्याय मात्र आम्ही बंदच ठेवलाय. डोळ्यांखालून एकदा जाऊ दे.

मर्ज चालू साइटवर कधीच नाही

हे मी एकदाच केलं आणि पुन्हा करणार नाही. मर्ज अर्धवट थांबला की गिट फाइलमध्ये कॉन्फ्लिक्टच्या खुणा लिहितं, सात कोनी कंस एका रांगेत. पीएचपीला पहिले दोन कंस दिसले की ते डावीकडे सरकवण्याचं चिन्ह समजतं आणि सिंटॅक्स एरर देऊन थांबतं. वधूवर मंडळाची साइट भर रविवारी दोन तास अशी पांढरी होती. लॉगमध्ये "अनएक्स्पेक्टेड टोकन" आणि पुढे दोन डावे कंस दिसले तर दुसरं काही शोधू नका, फाइल उघडून त्या खुणा शोधा.

आता क्रम असा आहे. साइटवर जे काही बदललंय ते आधी कमिट. मग मर्ज आईरेपोत, वेगळ्या वर्कट्रीमध्ये (त्याच रेपोच्या वेगळ्या फोल्डरमध्ये). पीएचपीच्या तपासणीच्या पर्यायाने बदललेली प्रत्येक फाइल तपासून घ्यायची. मग डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत). त्यानंतरच साइटवर फक्त फास्ट-फॉरवर्ड पुल (मर्ज न करता तयार कमिट जसंच्या तसं ओढून घेणं). मधल्या काळात साइटवर कुणी काही कमिट केलं असेल तर तो पुल नकार देतो, आणि तो नकार हवाच असतो. पुलच्या आधी वर्डप्रेसची मेंटेनन्स फाइल ठेवायची, कारण गिट फाइल्स एकेक करून बदलतं आणि ते काही सेकंद साइट अर्धी जुनी, अर्धी नवी असते. त्या फाइलमध्ये वेळेचा आकडा लिहा, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच मेली तरी दहा मिनिटांनी वर्डप्रेस ती दुर्लक्षित करून साइट उघडी करतं. आकड्याऐवजी वेळ विचारणारं फंक्शन लिहिलंत तर ती मुदत कधीच संपत नाही, साइट बंदच राहते. शेवटी डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांडने डेटाबेसचं अपडेट.

डंपबद्दल हट्टाने सांगते. गिट फाइल्स मागे नेतं, डेटाबेस नेत नाही. नव्या आवृत्तीने टेबलांची रचना बदलली आणि नंतर तुम्ही फाइल्स मागे नेल्या, तर दोघांचा मेळ बसत नाही. डंप घेताना अक्षरांची पद्धत यूटीएफ-८-एमबी-४ अशी स्पष्ट सांगा. नाहीतर एखाद्या जुन्या सर्व्हरवर परत चढवताना देवनागरीची जागा चित्रविचित्र लॅटिन अक्षरं घेतात.

वर्डप्रेसचा अपडेटर आपण बंद केला, म्हणजे त्याच्या तपासण्याही आपल्यावर आल्या. ६.३ ला पीएचपी ७.० च्या खाली चालत नाही, ६.६ ला ७.२.२४ च्या खाली. मूळ अपडेटर हे बघून थांबतो, गिटला यातलं काही माहीत नसतं. ते हसत मर्ज करेल आणि साइट बसेल. स्क्रिप्टमध्ये मर्जच्या आधी सर्व्हरवरची पीएचपी तपासा, कमी असेल तर थांबा. सेव-उसळवाल्यांची साइट असल्याच एका जुन्या होस्टिंगमुळे बराच काळ ६.२ वर अडकली होती. त्यांना समजावून होस्टिंग बदलायला लावलं, मगच पुढे नेली.

गिट म्हणतं, "डुबियस ओनरशिप"

फाइल्स एका युजरच्या आणि क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) दुसऱ्या युजरचा असेल तर एप्रिल २०२२ नंतरचं गिट काम करायला नकार देतं. तो सुरक्षेचा दुरुस्तीबदल आहे. सगळ्या फोल्डर्सना सरसकट विश्वासू ठरवणारी तारांकित ओळ नेटवर सापडेल, ती घालू नका. क्रॉन फाइल्सच्या मालकाच्या नावाने चालवा, प्रश्न तिथेच मिटतो.

आत्ता, या क्षणी साइट मोडलेली असेल तर

आधी एरर लॉग. कॉन्फ्लिक्टच्या खुणा असतील तर गिट मर्ज अबॉर्ट द्या, साइट जुन्या आवृत्तीवर परत येईल. पुल पूर्ण झाल्यावर मोडली असेल आणि डेटाबेसचं अपडेट अजून झालेलं नसेल, तर आधीच्या कमिटवर जा, डंपला हात लावायची गरज नाही. डेटाबेसचंही झालेलं असेल तर आधी आत्ताच्या डेटाबेसचा आणखी एक डंप घ्या, कारण मधल्या काळात कुणी फॉर्म भरला असेल, आणि मगच जुना चढवा. फाइल्स मागे नेऊनही जुनाच एरर दिसत राहिला तर पीएचपी-एफपीएम (सर्व्हरवर पीएचपी चालवणारा प्रोग्राम) रीलोड करा. ओपीकॅश (पीएचपीचा आधीच तयार करून ठेवलेला कोड) फाइल्सच्या वेळा तपासत नसेल तर सर्व्हर आधीचाच कोड चालवत बसतो. गिट अजून लावलेलंच नसेल, तर होस्टिंगकडून कालचा बॅकअप मागवा, तो वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा, आणि मोडलेल्या फाइल्स पुसण्याआधी त्यांचीही एक प्रत बाजूला ठेवा. मालकाच्या हातचे बदल त्या दोनांपैकी कशात तरी असतात, आणि तेच नंतर साइटच्या ब्रँचचं पहिलं कमिट होतं.